मॉड्यूलर उपकरण आणि त्याचं ॲप: टीमने कामाचा क्रम कसा लावावा

फायनल इयरच्या टीममध्ये कामाची वाटणी बहुधा ठरलेली असते: दोघं सर्किटवर, एक जण ॲपवर, एक जण रिपोर्टवर. सबमिशनच्या आठवड्यात सगळं एकत्र जोडायला घेतलं की अडतं. सुटे मॉड्यूल चालवणं सोपं असतं, खरी मेहनत जोडावर लागते. म्हणून कनेक्टर आणि डेटाची रचना आधी कागदावर पक्की करा, मगच कामं वाटा.

उदाहरणादाखल ईएसपी३२ या वाय-फाय-ब्लूटूथ असलेल्या मायक्रोकंट्रोलरचा मुख्य बोर्ड घेऊ. त्याला आय-टू-सी बसवर (डेटाच्या दोनच वायरींवर अनेक मॉड्यूल जोडायची पद्धत) तापमान-आर्द्रतेसाठी बीएमई२८०, उजेडासाठी बीएच१७५० आणि ०.९६ इंची ओलेड डिस्प्ले.

कनेक्टर चार पिनांचा जेएसटी एक्सएच घ्या, म्हणजे तो उलटा बसणार नाही. क्रम असा ठेवा: ग्राउंड, ३.३ व्होल्ट, एसडीए (डेटाची वायर, बोर्डाची पिन जीपीआयओ २१), एससीएल (क्लॉकची वायर, जीपीआयओ २२). काही ओलेड बोर्डांवर ग्राउंड पहिला असतो, काहींवर व्हीसीसी (वीजपुरवठा). बोर्डावर छापलेलं वाचल्याशिवाय क्रिंप करू (वायरींना कनेक्टरची टोकं दाबून बसवू) नका. वायर ३० सेंमीच्या आत ठेवा.

पुल-अप रेझिस्टर (बसच्या वायरी ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारे) बहुतेक तयार बोर्डांवर आधीच असतात. ४.७ किलोओहमचे चार बोर्ड जोडले की मिळून जेमतेम १.२ किलोओहम उरतात आणि करंट आय-टू-सीच्या ३ मिलिअँपिअरच्या मर्यादेला टेकतो. पाचवं मॉड्यूल लावायचं असेल तर एखाद्या बोर्डावरचे दोन्ही रेझिस्टर काढा.

खरेदी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर करा, पण रविवार टाळा. बीएमई२८० म्हणून अनेकदा बीएमपी२८० हाती पडतो. तो आर्द्रता मोजतच नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात नेमका तोच आकडा हवा असतो. चिप आयडी रजिस्टर (सेन्सरच्या आतला ओळख-क्रमांक) वाचा: हेक्स ६० म्हणजे बीएमई, हेक्स ५८ म्हणजे बीएमपी. हे त्याच दिवशी तपासा आणि बिल जपून ठेवा.

यूएसबीवर चालणारा बोर्ड बॅटरीवर सारखा रीसेट होत असेल तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. अनेक बोर्डांवरच्या एएमएस१११७ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट देण्यासाठी साधारण ४.४ व्होल्ट लागतात, तर पूर्ण भरलेला लिथियम-आयन सेल ४.२ च देतो. वाय-फाय-ब्लूटूथचा रेडिओ सुरू झाला की व्होल्टेज आणखी घसरतं आणि सिरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज फार कमी पडल्याचा) मेसेज दिसतो. मध्ये व्होल्टेज वाढवणारा ५ व्होल्टचा बूस्ट मॉड्यूल टाका.

आता ॲपकडे. ब्लूटूथ लो एनर्जीवर एका वेळी २० बाइट सहज जातात, तेवढ्यातच डेटाचं पाकीट (पॅकेट) बसवा: १ बाइट आवृत्ती, १ बाइट मॉड्यूलचा प्रकार, १ बाइट स्थिती (मॉड्यूल जोडलेलं आहे की नाही), मग दोन-दोन बाइटचे आकडे. दशांश पाठवू नका, शंभराने गुणून पूर्णांक पाठवा. २८.५० अंश म्हणजे २८५०. ईएसपी३२ आधी कमी स्थानमूल्याचा बाइट पाठवतो: ३४, मग ११ (११ × २५६ + ३४ = २८५०). ॲपमध्ये बाइट वाचणारा जावाचा बाइटबफर मुळात उलट्या क्रमाने वाचतो, म्हणजे ३४ × २५६ + ११ = ८७१५, आणि स्क्रीनवर ८७.१५ अंश दिसतात. असा आकडा आला की सर्किटवाल्यांना सेन्सर बदलायला लावण्याआधी ॲपमधला बाइटक्रम पाहा.

कनेक्शन होतं पण आकडे येत नाहीत? नोटिफिकेशनसाठी (बोर्डाने आपणहून आकडे पाठवावेत म्हणून) ॲपने २९०२ हे डिस्क्रिप्टर, म्हणजे ते चालू करणारी नोंद, लिहायला हवं, नुसतं फंक्शन कॉल करून भागत नाही. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ स्कॅन आणि कनेक्ट या परवानग्याही वेगळ्या मागाव्या लागतात. दोष ॲपचा की बोर्डाचा हे ठरवायला एनआरएफ कनेक्ट हे तयार ॲप वापरा. तिथे आकडे आले तर बोर्ड ठीक आहे.

शेवटची चाचणी: उपकरण चालू असताना एक मॉड्यूल उपसा. ॲपवर जुनाच आकडा टिकून राहिला तर स्थितीचा बाइट वाचलाच जात नाहीये. तिथे ‘मॉड्यूल जोडलेलं नाही’ असं दिसेपर्यंत डेमोची तारीख घेऊ नका.