तळ्याकाठी दोन दिवस सायकल आणि तंबू: गटाने जाताना या चुका टाळा

एकाच चाकात तिसऱ्यांदा पंक्चर झालं की माणूस टायरला शिव्या घालतो. बिचाऱ्या टायरचा काही दोष नसतो. पहिल्या वेळी घाईघाईत ट्यूब बदलली, टायरच्या आतून बोट फिरवलं नाही, आणि तो बारीक काटा तिथेच रुतून राहिला. दोन दिवसांच्या सायकल सहलीतल्या बहुतेक भानगडी याच जातीच्या असतात: दुखणं एकीकडे, कारण दुसरीकडे. तंबू कुठेही गळत नाही, तरी सकाळी आतून ओला असतो. पायात ताकद असते, तरी दुपारी तीनला चढ चढवत नाही. म्हणून चूक दिसते कुठे आणि झालेली असते कुठे, हे दोन्ही सांगतो.

मुक्काम समोर दिसतो आणि फसायला होतं

पैलतीरावरची झाडं स्पष्ट दिसत असतात. सरळ रेषेत चार किलोमीटर. रस्ता मात्र काठाचं प्रत्येक वळण घेत, आत घुसलेल्या पाण्याच्या प्रत्येक फाट्याला वळसा घालत जातो आणि चाराचे चौदा होतात. शिवाय दोन तळ्यांच्या मधे बहुधा टेकडीची सोंड असतेच. पन्नास मीटरचा चढ कुणी मोजत नाही, पण असे बारा आले की दिवसाची चढाई ६०० मीटर होते, तीही सामानासकट. मार्ग ठरवताना अंतराच्या शेजारी एकूण चढ लिहून ठेवा.

रिकाम्या सायकलवर एकटा तासाला २० किलोमीटर जाणारा माणूस लादलेल्या सायकलींच्या गटात, थांबे धरून, १२ च्या आसपास येतो. म्हणजे ५० किलोमीटरला चार तास सहज. सूर्यास्ताच्या दोन तास आधी मुक्कामी पोचायचं असं धरून तिथून उलटं मोजत या. निघायची वेळ आपोआप ठरते, आणि ती बहुतेकांना आवडत नाही. अंतराची वाटणीही दोन दिवसांत निम्मी-निम्मी करू नका. रविवारी पाय जड असतात, बूड दुखत असतं आणि तंबू ओला, म्हणजे वजनदार असतो.

मोठ्या तळ्यावर वाऱ्याचा हिशोब वेगळा करावा लागतो. दिवसा जमीन पाण्याआधी तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तळ्यावरची गार हवा काठाकडे धावत येते. उघड्या पाण्यावर तिला अडवायला काही नसतं. तेव्हा उघड्या काठाचा टप्पा सकाळी उरका, झाडीतला दुपारसाठी ठेवा.

तीन वाजता पाय संपण्याचं खापरही लोक वाऱ्यावरच फोडतात. खरी चूक सकाळी दहाची असते, भूक नाही म्हणून काही न खाण्याची. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जात राहिली तर दिवसभर चालवता येतं. एकदा गळून गेल्यावर खाल्लेलं अंगी लागायला अर्धा तास जातो, तोवर गट तुमच्यासाठी थांबून असतो.

शेवटच्याला विश्रांतीच मिळत नाही

पुढचे चौघे चढ संपवून सावलीत बसतात. वीस मिनिटांनी शेवटचा येतो. तो टेकताच पुढचे उठतात, 'चला, आले सगळे'. जे दमले नव्हते त्यांना वीस मिनिटं, जो दमला होता त्याला दोन. हे चार वेळा झालं की संध्याकाळी त्याचा गुडघा धरतो आणि सगळे म्हणतात, तयारी कमी पडली. नियम सोपा करा: थांब्याची वेळ शेवटचा माणूस टेकल्यापासून मोजायची.

हत्यारं आणि पंप कुणाकडे असावेत, यावर फारसं कुणी बोलत नाही. साधारणपणे सगळ्यात तयारीचा माणूस ती बाळगतो, आणि तोच सगळ्यात पुढे असतो. मागे पंक्चर झालं की तो तीन किलोमीटर लांब आणि फोनला रेंज नाही. दुरुस्तीची पिशवी सगळ्यात मागच्याकडे हवी, आणि तो माणूस शेवटचा राहायला मनापासून राजी हवा. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. एवढं पाळलं तरी माणसं हरवणं जवळजवळ बंद होतं. फोनवर नकाशा आधीच उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. जागा दाखवणं चालूच राहतं, बॅटरी वाचते.

गप्पा मारताना पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने ओलांडू देऊ नका. तो जरा सरकला की चाकं घासतात आणि पडतो तो मागचा. लादलेली सायकल थांबायला वेळ घेते, म्हणून दोन सायकलींइतकं अंतर ठेवा आणि 'खड्डा', 'थांबतोय' हे मोठ्याने ओरडा. लाज कसली.

हँडल हलतंय, चूक कॅरिअरवर आहे

उतारावर सायकल थरथरायला लागली की लोक चाक आउट झालंय का बघतात. आधी सामान बघा. सगळं वजन मागे, तेही कॅरिअरच्या वर बांधलेलं, असं असलं की सायकलचं शेपूट डोलतं आणि चढावर पुढचं चाक हलकं होतं. जड वस्तू बाजूच्या पिशव्यांत तळाशी, दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या. वर फक्त हलकं आणि फुगीर. पाठीवर मोठी सॅक घेऊन चालवणं ही हौस पहिल्या तासाला ठीक, नंतर तिचं सगळं ओझं सीटवर बसतं, म्हणजे तुमच्यावरच.

कॅरिअरचे बोल्ट खडबडीत रस्त्यावर ढिले होतात. पहिल्या दहा किलोमीटरनंतर एलन की, म्हणजे षटकोनी पाना, फिरवून बघा, मग रोज सकाळी. एक बोल्ट जास्तीचा आणि चार-पाच प्लास्टिकच्या पट्ट्या जवळ ठेवा. आणि निघायच्या आधल्या आठवड्यात पूर्ण सामानासह एकदा तासभर चालवून बघा. हे सगळे ऐकतात आणि कुणी करत नाही.

सात पंप, एकही लागू नाही

प्रत्येकाने आपापलं आणलेलं असतं, पण एकमेकांना विचारून कुणी आणत नाही. टायरच्या बाजूवर ३२-६२२ किंवा ५०-५८४ असा आकडा छापलेला असतो. त्यातला दुसरा भाग म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला मिलिमीटरमधला व्यास. ७०० सी आणि २९ इंच दोन्ही ६२२ चेच, २७.५ म्हणजे ५८४, आणि जुन्या २६ इंची माउंटन बाइकचा ५५९. निघण्याआधी गटात हे आकडे विचारून यादी केली की जास्तीच्या ट्यूब किती आणि कोणत्या ते कळतं. त्याच यादीत व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा की जाड श्रेडर, हेही लिहा. तुटलेली चेन जोडायच्या कडीचं, म्हणजे क्विक लिंकचंही तसंच: नऊ, दहा आणि अकरा गिअरच्या चेनला वेगवेगळ्या लागतात.

पंक्चर वाचायला शिका. शेजारी-शेजारी दोन छिद्रं, सापाने चावल्यासारखी, असली तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली. सामान लादल्यावर नेहमीपेक्षा जास्त हवा लागते. छिद्र ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असलं तर रिममधली स्पोकची टोकं झाकणारी पट्टी सरकली आहे, ती सरळ केल्याशिवाय नवी ट्यूबही फुटणार. बाहेरच्या बाजूला एकच बारीक छिद्र म्हणजे काटा किंवा काच, आणि ते टायरमधून काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

स्पोक तुटला तर तो बहुधा मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा असतो. तो बदलायला गिअरचा कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, काढावा लागतो, त्यामुळे वाटेत शेजारच्या स्पोकला गुंडाळून ठेवा, चाक ब्रेकला घासत नाही ना ते बघा, सामान इतरांना वाटून द्या आणि हळू चला. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या सायकलचं चाक काढलेलं असताना चुकून लिव्हर दाबू नका, पॅड जवळ येऊन चिकटतात आणि चाक परत बसत नाही. चेनला तेल देताना फवारा डिस्कवर उडाला तर ब्रेक किंचाळायला लागतो आणि पकडही जाते. पॅडने तेल शोषलं की पुसून फारसा उपयोग नसतो.

पाण्याला लागून तंबू

फोटोसाठी याहून चांगली जागा नाही, झोपायला याहून वाईट नाही. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून ओघळत खाली येते आणि तळ्याच्या वाटीत साठते. त्यात पाण्याची वाफ. पहाटे तंबूच्या आतून थेंब गळतात, आणि माणूस शिवणीला दोष देतो. ते पाणी बरंचसं त्याच्याच श्वासाचं असतं. काठापासून किमान ६० मीटर, म्हणजे मोजून सत्तरेक पावलं, आणि थोडं वर चढून तंबू लावा. थंडी वाजते म्हणून हवा यायची झडप बंद करू नका, ओल तिथूनच बाहेर जाते. वरचं कापड इतकं ताणा की ते आतल्याला टेकणार नाही.

जागा बघताना जमिनीवर काड्या-पाचोळ्याची ओळ दिसते का पाहा. पाणी पूर्वी तिथवर चढलेलं असतं. कोरड्या ओढ्याच्या पात्रातली सपाट वाळू कितीही मऊ वाटली तरी तिला भुलू नका. अंधारात पोचलेल्या गटाला यातलं काहीच दिसत नाही, म्हणून सूर्यास्ताआधीचे ते दोन तास.

खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर डोकावत असेल तर पाऊस तिच्यावर पडून सरळ तुमच्या पाठीखाली येतो. कडा आत दुमडा. भुसभुशीत वाळूत खुंटी धरत नसेल तर ती दोरीला मधोमध बांधून आडवी पुरा.

एका तंबूचं सामान दोघांत वाटून घेतात, एकाकडे कापड, दुसऱ्याकडे दांड्या. आमच्या गटात एकदा दांड्यावाला दोन तास मागे राहिला आणि कापडवाला पावसात तेच कापड अंगावर घेऊन बसला होता. आख्खा तंबू एकाकडे, स्वयंपाकाचं दुसऱ्याकडे, अशी वाटणी बरी. खुंट्या मोजून घ्या.

रात्री पाठ गारठते तेव्हा स्लीपिंग बॅग पातळ आहे असं वाटतं. अंगाखाली दबलेल्या भागात हवाच उरत नाही, त्यामुळे तिथे तिचा उपयोग शून्य. ऊब मॅट देते. एकावर खर्च करायचा तर आधी मॅटवर करा.

चूल, पाणी, पोहणं

पहाटे गॅसची ज्योत मिणमिणते तेव्हा डबा संपलेला नसतो. साधा ब्युटेन उणे ०.५ अंशाखाली वाफ होत नाही, आणि जळताना डबा स्वतःच गार होत जातो, म्हणून थंडीत त्याच्या बरीच आधी तो दमतो. रात्री डबा स्लीपिंग बॅगेत ठेवा किंवा प्रोपेन मिसळलेला आणा. पण चूल तंबूत लावू नका, पाऊस असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तळ्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर तीन. मात्र पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय किंवा गुठळ्या दिसल्या तर ते पाणी सोडूनच द्या. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष उकळून जात नाही, साध्या फिल्टरनेही नाही.

पोचल्या-पोचल्या घामेजलेल्या अंगाने उडी मारणं ही एकच चूक अशी आहे की जिची दुरुस्ती नाही. वरचं पाणी कोमट लागतं, दोन-तीन मीटर खाली एकदम बर्फगार असू शकतं. गार पाण्याच्या धक्क्याने श्वास आपोआप आत ओढला जातो आणि तोंड तेव्हा पाण्याखाली असू शकतं. आधी बसा, खा, अंग निवू द्या, मग पायरी-पायरीने उतरा, आणि काठावर एक जण कोरडा राहू दे.

रविवारी घरी आल्यावर ओला तंबू पिशवीतच राहतो. दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात, ते पुन्हा जात नाहीत. त्याच रात्री तो दोरीवर, दारावर, खुर्च्यांवर, जमेल तिथे पसरा. चेन पुसून तेल द्या. आणि जी ट्यूब बदलली तिला पॅच लावून पिशवीत टाका, नाहीतर पुढच्या वेळी 'जास्तीची ट्यूब' म्हणून तीच भोकाची ट्यूब बाहेर निघते.