कथेतून वाचन-लेखन शिकवताना या चुका टाळा

मराठीच्या तासाला कथा वाचून झाली की लगेच स्वाध्याय सोडवायला सांगितला जातो आणि मुले प्रश्नातला एखादा शब्द पाठात शोधून तिथले वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवतात. पूर्ण गुण मिळत असल्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे लक्षातच येत नाही. समजा, कथेत असे वाक्य आहे: ‘आईने सगळ्यांची ताटे वाढली, दादाचा पाट मात्र तिने मांडलाच नाही.’ ‘आईने काय वाढले?’ याचे उत्तर कथा न समजताही देता येते. पण ‘आई दादावर रागावली आहे, की तो येणार नाही हे तिला ठाऊक आहे? कशावरून?’ असे विचारले की मुलाला मागे जाऊन पुन्हा वाचावेच लागते. दोन मुलांची उत्तरे वेगळी आली, तर एकाला चूक ठरवण्याची घाई करू नये. प्रत्येकाने कथेतला आधार दाखवावा, एवढाच आग्रह धरावा.

ओळीने एकेक परिच्छेद वाचायला लावल्यास मुले आपल्या वाट्याचा परिच्छेद मोजून तेवढाच मनात घोकत बसतात. म्हणून आधी मूकवाचन आणि मग प्रकटवाचन, हा क्रम ठेवावा. तात्पर्यही लगेच विचारू नये.

दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखनात कथालेखन असते, त्यामुळे अनेक वर्गांत मुद्दे देऊन नमुना कथा पाठ करून घेतली जाते. मग ‘रामूला खूप वाईट वाटले’ यापलीकडे लेखन सरकत नाही. अशा वेळी ‘वाईट वाटल्यावर रामूने काय केले?’ एवढेच विचारावे. ‘रामूने दप्तर कोपऱ्यात टाकले आणि तो न जेवताच झोपला’ असे वाक्य मूल स्वतः लिहिते, आणि तेव्हा मला खरोखर समाधान वाटते. घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांना कथेतले संवाद त्यांच्या बोलीत लिहू द्यावेत. निवेदन प्रमाण मराठीत असले म्हणजे पुरे.

पहिल्याच खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणांचा सडा पडला, की पुढच्या वेळी मूल ठाऊक असलेलेच शब्द वापरते. पहिल्या वाचनात केवळ आशयावर एक प्रश्न लिहावा आणि शुद्धलेखन दुसऱ्या खर्ड्यासाठी राखून ठेवावे. वाचनासाठी पाठ्यपुस्तकाबाहेरच्या कथा हव्या असतील, तर बालभारतीचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक वर्गात जरूर ठेवावे.