फ्रिजखाली चाकांचा भक्कम पाट

चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, गोव्यातल्या घरांत कोपरान् कोपरा झाडला जातो आणि फ्रिजच्या मागे आलं की सगळं अडतं. डिचोलीच्या आमच्या घरातली जमीन जुन्या लाल कोब्याची. तिच्यावर फ्रिज ओढला की चरे पडतात. म्हणून मी चाकांचा पाट करायला घेतला, मग शेजारच्या वहिनींनाही करून दिला. बाजारात मिळणारे, पाइप जोडून केलेले स्टँड मला पटत नाहीत, कारण त्यांत वजन थेट चाकांवर न येता मधल्या जोडांवर येतं. फ्रिजचा पाय जिथे टेकतो त्याच्या शक्य तितक्या जवळ, खाली चाक हवं. पाटाचा सगळा जोर त्यातच असतो.

आधी माप. फ्रिजच्या अंगाचं नको, पायांचं घ्या. पाट फ्रिजच्या बुडापेक्षा चारही बाजूंनी इंचभर मोठा ठेवा, लहान तर मुळीच नको.

लाकूड म्हणजे १८ मि.मी.चा मरीन प्लाय, त्यावर आयएस ७१० हा मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो, त्या दमट हवेत साधा प्लाय फुगून पापुद्रे सुटतात. दोन तुकडे एकावर एक फेविकॉल मरीनने चिकटवा, खालून स्क्रू मारा आणि रात्रभर वजन ठेवून सुकू द्या. मग चाकांच्या बोल्टसाठी भोकं पाडा. त्यानंतर प्रायमर आणि ऑइल पेंट. कडांना आणि भोकांच्या आतही रंग गेलाच पाहिजे, पाणी तिथूनच शिरतं.

चाकांचा हिशेब असा. मध्यम डबल डोअर फ्रिज साधारण ५५ किलो, आतलं सामान ३०, पाट १०, म्हणजे शंभराच्या आसपास. हे चार चाकांत वाटू नका. कोबा कुठे ना कुठे खोलगट असतोच, एक चाक अधांतरी राहतं. तिनात वाटा, म्हणजे ३३ किलो, आणि उंबरठ्याच्या धक्क्यासाठी दुप्पट करा. प्रत्येक चाक ७० किलोचं घ्या. दोन इंची चाक पुरे. मोठ्या चाकाने फ्रिज उंच होतो आणि डुलतो. रबराचं चाक एका जागी उभं राहून चपटं होतं, डागही पाडतं. नायलॉनचं कडक असतं, खडखडतं. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, बरं.

मागची दोन चाकं सरळ जाणारी आणि पुढची दोन फिरणारी, ब्रेकवाली. असं केलं की फ्रिज मागे-पुढे सुतासारखा सरळ जातो आणि ब्रेक पायाच्या टोकाशी राहतात. चाकाच्या वरच्या लोखंडी प्लेटच्या भोकात बसेल असा बोल्ट वरून खाली सोडा, मोठा वॉशर घाला, खालून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, धक्क्याने सैल न होणारा) आवळा. नुसत्या स्क्रूवर विसंबू नका, धक्क्याने सुटतात. बोल्ट, वॉशर, नट सगळं स्टेनलेस. कांदोळी, मोरजी अशा किनाऱ्याजवळ राहत असाल तर ३१६ या प्रतीचं स्टेनलेस मागा, खाऱ्या वाऱ्यात ते जास्त टिकतं.

वरच्या कडेने इंचभर उंच लाकडी पट्टी चारही बाजूंनी बसवा. बऱ्याच फ्रिजना मागे छोटे रूळ असतात. पट्टी नसेल तर फ्रिज पाटावरच सरकत राहील.

चढवताना फ्रिज रिकामा, प्लग काढलेला आणि दोन माणसं. पाटाचे ब्रेक लावा, चाकांपुढे पाचर ठोका, मग फ्रिज तिरका करून आधी एक बाजू, मग दुसरी. दाराच्या मुठीला धरून ओढायचं नाही. फ्रिज आडवा झाला असेल तर उभा केल्यावर काही तास थांबून मगच चालू करा. पुढचे पाय किंचित उंच करून घ्या, दार आपोआप लागतं.

वॉशिंग मशीनसाठी हा पाट करू नका. स्पिनच्या वेळी ते ब्रेकसकट चालू लागतं. त्याला स्थिर चौथरा आणि रबरी पॅड हवेत. फ्रिजच्या पाटाचे नट मात्र पावसाळा सरला की एकदा पाना लावून तपासा.