मोगऱ्याचं पाणी तोडा, संक्रांतीची वाट पाहू नका

मार्गशीर्ष सरत आला आणि जळगावच्या यावल-रावेरकडे बांधावरचा मोगरा अजून हिरवागार, लुसलुशीत उभा आहे. ते बघून ज्याला बरं वाटतंय त्याने आजच व्हॉल्व्ह बंद करावा.

केळीचं ठिबक बंद ठेवून चालत नाही, तीच सवय आपण मोगऱ्याला लावली. थंडीत पाणी चालूच, म्हणून झाडाला विश्रांती नाही. नुसता पाला काढत राहतं. मागच्या उन्हाळ्यात कमरेइतकी वाढलेली दीडशे झाडं पाहिली, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी त्यांतून एक परडी भरेना. मालकाने दुकानदाराच्या सांगण्यावरून दोनदा ‘फुलांचं टॉनिक’ मारलं होतं. पाला वाढला, कळी नाही.

भारी काळ्या जमिनीत 3-4 आठवडे ताण (म्हणजे पाणी पूर्ण बंद), मुरमाडात 10-12 दिवस पुरतात. पण दिवसांपेक्षा झाड बघा. खालची पानं पिवळी पडून गळली, शेंडा थांबला, बुंध्याजवळ बोट जाईल एवढी भेग पडली की झालं. शेंड्याची काडी वाळायला लागली तर ताण जास्त झाला. शेजारी केळी असेल तर नुसती नळी बंद करून भागत नाही, काळी माती ओल ओढते; मधे फूटभर खोल चर काढा. संक्रांतीनंतर धरलेला ताण बहर वैशाखात ढकलतो, आणि 43-44 अंशांत कळी फुगायच्या आत सुकते, हा माझा अनुभव.

ताणानंतर:
- छाटणी जमिनीपासून 45-50 सें.मी.वर
- बुंध्याची माती हलवून 4-5 दिवस उघडी
- मोठ्या झाडाला शेणखत 10 किलो, युरिया 65 ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट 375 ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश 100 ग्रॅम. एवढीच रासायनिक खतं पुन्हा पावसाळ्याच्या तोंडी
- पहिलं पाणी हलकं

कळी जांभळट होऊन तिथेच थांबली किंवा तिला भोक दिसलं तर ती तोडून जाळा, मग 5 टक्के निंबोळी अर्क. पानामागे लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक 80 टक्के, लिटरला 2 ग्रॅम. तेही होळीच्या आत आणि सकाळीच. पारा 35 च्या वर गेल्यावर गंधक मारलं तर कोळीआधी पानंच करपतात.