नैराश्य दूर ठेवणाऱ्या सवयी : नेमकं कुठे फसतं?

वेळेवर झोपा, चाला, नीट जेवा, माणसांत राहा. नैराश्याचा धोका कमी करायचा तर काय करावं, हे आता शाळकरी पोरंही सांगतील. घोडं अडतं ते करण्यापाशी, आणि तेही ठरलेल्या चार-पाच जागी. त्या जागा आपल्याच तोंडच्या वाक्यांत सापडतात.

‘मन लागलं की करेन’

मुळातली चूक हीच. मन खचायला लागलं की आधी उमेद जाते, आणि आपण नेमकी तिचीच वाट बघत बसतो. बसून राहिलं की दिवसभरात बरं वाटावं असं काही घडत नाही, म्हणून मरगळ वाढते, म्हणून आणखी बसणं होतं. यातून निघायचं तर क्रम उलटा करावा लागतो. आधी हातपाय हलवायचे. मन मागाहून येतं.

हा नुसता धीर देण्याचा प्रकार नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही पद्धत तपासून पाहिली. नैराश्याने बऱ्यापैकी ग्रासलेले ४९५ रुग्ण त्यात होते. त्यांच्याशी बोलणारे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी, आणि भर एकाच गोष्टीवर : सुटलेली कामं, आवडीच्या गोष्टी, गाठीभेटी थोड्या-थोड्या करून पुन्हा सुरू करायच्या. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. केंद्रातले नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे प्रसिद्ध केलं.

घरी हे करायचं तर काम इतकं लहान ठेवा की वाईट दिवशीही जमेल, आणि ते मनःस्थितीला नाही, घड्याळाला बांधा. ‘रोज चालायचं’ असं ठरवलं की फसतं. ‘साडेसहाला चपला घालून चौकातून कोथिंबीर आणायची’ हे टिकतं. पिशवी आधीच दाराच्या कडीला अडकवून ठेवा. रात्री कालनिर्णयाच्या चौकटीत दोनच गोष्टी लिहा : काय केलं, आणि नंतर कसं वाटलं, दहापैकी किती. पंधरवड्यात कळतं की आपल्याला काय मानवतं. कुणाला चालणं, कुणाला कुंड्यांची माती उकरणं. चालणंच हवं असा काही नियम नाही.

‘सोमवारपासून सगळं!’

पाचचा गजर, जिमची वर्षाची फी, साखर बंद, भात बंद. गुरुवारी एक दिवस चुकतो, शुक्रवारी ‘आपल्याच्यानं होणार नाही’ सुरू होतं, आणि आधीच खट्टू असलेल्या मनाला अपराधीपणाची भर. शिवाय रात्री साडेबाराला झोपणारा माणूस पाचला उठतो तेव्हा तो व्यायामासाठी झोपच मोडत असतो.

तो सौदा वाईट आहे. ब्रिटनमधल्या सुमारे २,८७,००० लोकांच्या सुमारे नऊ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये आला. सात ते नऊ तास झोपणाऱ्यांत नैराश्याचा धोका २२ टक्क्यांनी कमी आढळला, कधीच धूम्रपान न केलेल्यांत २० टक्क्यांनी, माणसांत वावरणाऱ्यांत १८, नियमित व्यायाम करणाऱ्यांत १४, आणि चांगल्या आहाराने ६. आपल्याकडे सुरुवात मात्र ताटापासून! हे आकडे संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. झोप बिघडणं हे नैराश्याचं पहिलं लक्षणही असू शकतं. तरी एकच सवय धरायची झाली तर मी झोपच धरेन.

व्यायामाचं गणित त्यामानाने सोपं आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल, आणि ती सलगच हवी असं नाही. जिने धरा, बसस्टॉपपर्यंतचं चालणं धरा.

‘रविवारी भरून काढू’

झोपेची उसनवारी रविवारी दहापर्यंत लोळून फिटत नाही. उलट त्या रात्री झोप येत नाही आणि सोमवार आणखी जड जातो. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. ती सातही दिवस एकच ठेवा, आणि उठल्यावर गॅलरीत उजेडात थोडं उभं राहा.

तरी झोप लागत नसेल तर आधी चहा तपासा. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री नऊच्या कपातला निम्मा दोन वाजता जागाच असतो. वामकुक्षी अर्ध्या तासाच्या आत. वीसेक मिनिटं नुसतीच कूस बदलत असाल तर उठून मंद उजेडात बसा, डोळे जडावले की परत या. आणि ‘दोन पेग घेतले की छान झोप लागते’ हे अर्धवट खरं आहे : लागते लवकर, मोडते उत्तररात्री.

‘जरा मोकळं झालं की भेटू’

मोकळं कुणी होत नाही. ग्रुपवर सुप्रभात टाकलं म्हणजे भेट झाली असंही नाही. घरी बोलवायचं म्हणजे आवराआवर आणि पोहे आले, म्हणून बोलावणंच टळतं. मग टपरीवर भेटा. तेही जड जात असेल तर जिथे तुमच्याशिवाय अडतं अशी ठरलेली जागा धरा, भिशी असो, भजनी मंडळ असो वा ग्रंथालयातलं तासभर काम. ‘या हं कधीतरी’पेक्षा ‘बुधवारी पाचला’ म्हणावं.

‘सवयी सुधारल्या की गोळ्या बंद’

ही चूक महागात पडते. सवयींनी धोका कमी होतो, शून्य होत नाही. उत्तम दिनचर्या असणाऱ्यांनाही नैराश्य येतं, आणि ते त्यांचं अपयश नव्हे. चालू औषध आपल्या मनाने थांबवू नका. बराचसा दिवस उदासी, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं असं दोन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासण्याबद्दलही विचारा. या कमतरतांचा थकवा नैराश्यासारखाच दिसतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवं नाही.

जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. आणि त्रास घरातल्या कुणाला असेल तर ‘मनावर घेऊ नकोस, फिरून ये’ म्हणण्याऐवजी डॉक्टरांची वेळ तुम्ही घ्या आणि सोबत जा.