गावच्या रस्त्याला पैसा कुठला, हे असं शोधा
वस्तीवरनं रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघतो, त्यामुळे डांबर कुठं उखडलंय हे मला पाठ आहे. रस्ता खचला की लगेच सरपंचावर तुटून पडू नका. आधी रस्त्याच्या तोंडाशी लावलेला फलक वाचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना असेल तर 60 टक्के पैसा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा. फलकावर किंमत, लांबी, ठेकेदार आणि काम पुरं झाल्याची तारीख असते. तारीख वहीत उतरवाच, कारण तिथून 5 वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडं असते. मुदत संपायच्या आत खड्ड्याचा फोटो ‘मेरी सडक’ अ‍ॅपवर टाका.

फलकच गायब असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. अंदाजपत्रक मागा, पण त्याहून महत्त्वाची मोजमाप पुस्तिका. खडीचा थर किती जाड दाखवून बिल काढलं, ते तिच्यातच सापडतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. प्रत मिळाली की ग्रामसभेत मोठ्यानं वाचा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या.