सरकारी बांधकामावर गावातली माणसं कशी लावावीत

स्थानिक मजूर मिळत नाहीत, ही तक्रार बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यात केलेली असते. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ पैसे) घेऊन निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. हे धरूनच शाळाखोल्यांसारख्या बांधकामाचं वेळापत्रक आखा. पाया आणि जोतं एप्रिल-मेमध्ये उरका. ऐन काढणीत स्लॅब ठेवू नका.

कार्यारंभ आदेश हातात पडला की कामाचे दिवस, गवंडी आणि बिगारी किती लागतील, मजुरीचा रोज किती हे सगळं ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा आणि दवंडी द्या. भरती एकट्या मुकादमावर सोपवली तर तो आपल्याच वाडीची माणसं आणतो. तांड्यावर, दलितवस्तीत कामाची बातमीच पोहोचत नाही. तिथे स्वतः जा.

सगळ्यात जास्त घोळ हजेरीत होतो. नवरा-बायकोची ‘जोडी’ म्हणून एकच नाव लिहिलं जातं आणि दोघांचे पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. बाई वर्षभर घमेली वाहते, पण कागदावर ती कुठेच नसते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६० हवं. हजेरीत नाव नसेल तर दाखला कशाच्या आधारावर द्यायचा? मंडळाचा १ टक्का उपकर तर कामाच्या खर्चावर भरलेलाच असतो, मग हक्काचा लाभ तिला का मिळू नये? म्हणून प्रत्येकाची वेगळी ओळ, वेगळी सही किंवा अंगठा, मजुरी ज्याच्या-त्याच्या खात्यात. सारख्या कामाला बाईला कमी रोज देणं १९७६ च्या कायद्यापासून बेकायदेशीर आहे.

बायकांना घमेल्यापुढे न्यायचं असेल तर तपासणीच्या कामापासून सुरुवात करा. स्लम्पचा, म्हणजे ओलं काँक्रीट किती पातळ-घट्ट आहे ते तपासण्याचा, साचा ३०० मिलिमीटर उंच असतो. तो तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके द्यायचे. हे शिकायला एक सकाळ पुरते. क्युरिंगची, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारण्याची, वहीही त्यांच्याकडे द्या: साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला) १० दिवस पाणी. लोखंड बांधणं आणि गिलावा मात्र चांगल्या गवंड्याच्या हाताखाली महिनोन्‌महिने शिकावा लागतो. त्या गवंड्याचा रोज शिकवण्यापायी बुडणार नाही, एवढी सोय अंदाज बांधतानाच ठेवा.

बायकांसाठी आडोशाचं, आतून कडी लागणारं शौचालय पहिल्या दिवसापासून हवं. ते नसलं की बाया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आठवड्याभरात येणं बंद करतात. दहा किंवा जास्त कामगार असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावीच लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. समितीतल्या बाईचा फोन नंबर साइटच्या फलकावर लिहा.

साइटवर मजुरांची मुलं पाच असोत की पन्नास, सावलीची जागा आणि सांभाळायला पगारी बाई ठेवा. ही जागा परांचीपासून आणि पाण्याच्या हौदापासून लांब निवडा, आणि संध्याकाळी काम थांबलं की हौदावर झाकण पडलंय का, हे रोज बघा.